खंय

फळ्यावर लिहिलं: क्रियाविशेषण.
खाली चार शब्द: कधी, कसे, का, कुठे.
"हे शब्द क्रियेलाच प्रश्न विचारतात," मी म्हटलं,
तर तिसरीतली भाविका खवणेकर
पेन्सिलीचं बूड चावत म्हणाली,
"बाई, कुठे न्हय. खंय."

मी बार्शीची. माझं 'कुठे' कोरडं,
कडब्याच्या पेंढीतलं,
तोंडाबाहेर पडलं की मोडायचं.
यांचं खंय नाकातून जातं,
अनुस्वारापाशी थोडं पाणी राहतं त्यात,
ओहोटीनंतर खडकाच्या खळग्यात राहतं
तेवढंच.

रुजू झाले त्याच्या दुसऱ्या पहाटे
आबू जुवाटकर होडीत जाळी चढवत होता.
ओळख काढावी म्हणून, अगदी गोडीनं,
मी विचारलं, "कुठे निघालात?"

त्यानं जाळं खाली ठेवलं.
होडीच्या काठावर बसला, बिडी पेटवली,
ओढली. शेवटपर्यंत ओढली.
मग उठला, आणि मी तिथे नाहीच असं धरून
पहिल्यापासून निघाला.

सत्यवती मोंडकरीण टोपली सावरत म्हणाली,
"बाये, जाणाऱ्याक खंय म्हणा नये.
खंय म्हटला की वाट पाय धरता.
लांब काय? असा इचारूचा."

लांब काय, याला उत्तर लागत नाही.
नुसती मान हलवली तरी होतं,
आणि समुद्राला कळत नाही
कोण कुठल्या बाजूनं येतंय.

रात्री व्याकरणाचं पुस्तक काढलं.
स्थलवाचक होतं, प्रश्नवाचक होतं,
उदाहरणं होती: राम कुठे गेला?
कुणाला विचारू नये, ते नव्हतं.

मग नुसती ऐकत राहिले.
"दुरुस्तीचे पैशे गावले?" "खंय!"
म्हणजे नाही.
"माका खंय म्हायत?"
म्हणजे माहीत आहे, सांगायचं नाही.
"खंयचे तुमी?" म्हणजे बसा, चहा घ्या,
आणि आडनावावरून जात काही कळली नाही.
"ती खंय, तो खंय," एवढ्यात
खालच्या वाडीतलं एक लग्न मोडलं.
"खंय खंय सोदलंय गो तुका,"
हे कुणी म्हटलं माहिताय,
सत्यवतीनं, तिच्या शेळीला,
तिच्या कपाळाला कपाळ लावून.

एवढं सगळं, आणि प्रश्नचिन्ह
एखाद्यालाच धड लागावं!

सहामाहीत मी प्रश्न घातला:
'कुठे' हा शब्द वापरून वाक्य लिहा.
भाविकानं लिहिलं,
'कुठे हा शब्द बाबा होडीत चढताना
आमच्या घरात कोणी वापरत नाही.'
दोनपैकी दोन दिले.
केंद्रप्रमुखांनी तपासताना शाई थांबवली,
"हे वाक्य झालं का, मॅडम?"
मी म्हटलं, "झालं."
का ते नाही सांगितलं.
'का' हेही क्रियाविशेषणच,
तेही जपूनच वापरावं.

सहा वर्षांनी बदली आली.
ट्रंक तरीवर आबूनंच चढवली.
खाडी तेवढीच, काठ दोनच,
तरी पलीकडे लागेपर्यंत
त्यानं एकदाही विचारलं नाही.
उतरताना फक्त, "लांब?"
मी मान हलवली. म्हटलं, "येतंय हां."
जाते म्हणायची सवय
तोवर गेली होती.

आता बार्शीत, भाजीला म्हणून
पिशवी घेऊन निघते सकाळी,
आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला,
माणूस चांगला आहे, हाक मारतो,
"काय बाई, कुठं निघालात?"

मी पिशवी खाली ठेवते.
त्याच्याच पायरीवर बसते.
बिडी नाही माझ्याकडे.
एक शेंग फोडते, दाणे खाते,
टरफल फुंकून टाकते,

आणि तो इस्त्री हातात धरून
बघत राहतो माझ्याकडे,
कापड करपायला लागतं तरी.